ॲलन रॉबर्टसनवर दालन करायचंय: मजकूर, पिसांचा चेंडू आणि दगडी पाटी

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. येरवड्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात खेळांच्या इतिहासाचं छोटं दालन होतंय. इथे येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरात कोणी ना कोणी गोल्फच्या मैदानावर कॅडीचं, म्हणजे खेळाडूच्या काठ्या वाहण्याचं, काम करतं. त्यामुळे एक कोपरा ॲलन रॉबर्टसनला, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या एकोणिसाव्या शतकातल्या गोल्फपटूला, द्यायचं ठरलंय. तोही कॅडीच्याच घरातला होता. तीन गोष्टींवर जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली, मजकूर. कच्चा मसुदा असा: "ॲलन रॉबर्टसन, जगातला पहिला व्यावसायिक गोल्फर. ब्रिटिश ओपनचा विजेता. ४४ वर्षांचे असताना निधन." यात काय चुकतंय?

दुसरी, तो बनवायचा तसा पिसांचा चेंडू, म्हणजे कातडी पिशवीत पिसं ठासून केलेला गोल्फचा चेंडू, इथे हाताने करता येईल का? मुलांना दाखवायचा आहे, खेळायचा नाही.

तिसरी, दाराबाहेरच्या भिंतीवर दगडी पाटी लावायची आहे, साधारण दोन फूट बाय दीड फूट. दगड कोणता, अक्षरं केवढी, आणि पावसाळ्यात टिकेल अशी कशी बसवायची?

---

जुनाखेळ

मसुद्यातल्या तिन्ही विधानांना हात लावावा लागेल.

ओपनचं विधान सरळ काढून टाका. रॉबर्टसन १ सप्टेंबर १८५९ रोजी काविळीने गेला. पहिली ब्रिटिश ओपन १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला झाली. तो असेपर्यंत सर्वांत मोठा खेळाडू कोण हा प्रश्नच नव्हता. तो गेल्यावर गादी रिकामी झाली आणि तिचा वारस ठरवायला स्पर्धा भरवली गेली. आठ जण उतरले, १२ होलच्या (चेंडू घालायच्या खड्ड्यांच्या) मैदानावर एकाच दिवसात तीन फेऱ्या झाल्या, आणि मसलबराचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. टॉम मॉरिस १७६ वर दुसरा आला. बक्षीस म्हणून रोख रक्कम नव्हती, चांदीच्या बकलाचा लाल कातडी पट्टा होता. तेव्हा रॉबर्टसनचा ओपनशी संबंध लिहायचाच असेल तर तो असा लिहा.

वयाचं. जन्म ११ सप्टेंबर १८१५. म्हणजे मृत्यूच्या दिवशी ४४ पूर्ण व्हायला दहा दिवस कमी होते. "४४ वर्षांचे असताना" चूक, "वयाच्या ४४ व्या वर्षी" बरोबर. मराठीत हा फरक स्पष्ट आहे, तो पाटीवर नीट यायला हवा.

आता "पहिला व्यावसायिक". असं त्याला सर्रास म्हणतात आणि ते खोटं नाही. पण नुसतं एवढंच लिहिलंत तर मुलांच्या डोळ्यांसमोर आजचा, बक्षिसाच्या रकमेवर जगणारा खेळाडू उभा राहील. रॉबर्टसनच्या काळी अशा स्पर्धाच नव्हत्या. त्याची रोजची कमाई चेंडू बनवून विकण्याची. वडील डेव्हिड आणि आजोबा पीटर हेही सेंट अँड्र्यूजला चेंडू बनवायचे आणि कॅडीचं काम करायचे. हा घरचा धंदा झाला. त्यावर पैजेच्या सामन्यांतली मिळकत. पैसे लावायचे सरदार-जमीनदार, खेळायचे हे लोक, आणि जिंकल्यावर हातावर काही पडायचं. म्हणून "व्यावसायिक" या शब्दाआधी कारागीर यायला हवा. माझ्या मते या पाटीवरचं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

पैजेच्या सामन्यांचा एक नमुना दालनात जरूर ठेवा: १८४९ चा. एका बाजूला रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस, दुसऱ्या बाजूला मसलबराचे विली आणि जेमी डन हे भाऊ. पैज ४०० पौंडांची. खेळ फोरसमचा, म्हणजे जोडीत एकच चेंडू आणि दोघांनी आळीपाळीने मारायचा. तीन मैदानं: मसलबरा, सेंट अँड्र्यूज आणि नॉर्थ बर्विक. पहिल्या मैदानावर डन बंधूंनी धुव्वा उडवला, १३ होलची आघाडी आणि खेळायला फक्त १२ शिल्लक. दुसरं रॉबर्टसन-मॉरिसने जिंकलं. तिसऱ्यावर शेवटची आठ होल उरली असताना हे दोघे चारने मागे होते, तिथून सामना फिरवून दोन होलने जिंकले. मुलांना हे तीन खडूंनी फळ्यावर काढून दाखवता येईल.

हाच टॉम मॉरिस रॉबर्टसनच्या हाताखाली उमेदवारी करून चेंडू शिकला होता. दोघांची फारकत झाली ती चेंडूवरूनच. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम पाण्यात मऊ होतो, हाताने वळता येतो, थंड झाला की कडक. पिसांच्या चेंडूपेक्षा कितीतरी स्वस्त. पावसात फुगत नाही, फुटला तर वितळवून पुन्हा वळता येतो. रॉबर्टसनच्या धंद्याच्या मुळावरच घाव होता. मॉरिस एकदा चेंडू संपले म्हणून दुसऱ्याने दिलेला गटापर्चाचा चेंडू घेऊन खेळला, ते रॉबर्टसनला कळलं, आणि दुकान वेगळं झालं. मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला मैदान सांभाळायला गेला. पुढे रॉबर्टसनलाही नवा चेंडू स्वीकारावा लागला.

धंद्याचा आकार कळावा म्हणून दोन आकडे: त्याच्या दुकानातून १८४० मध्ये १,०२१ चेंडू बाहेर पडले, १८४४ मध्ये २,४५६. एक माणूस दिवसाला तीन-चार चेंडूच करू शकतो हे लक्षात घेतलं तर दुसरा आकडा केवढा आहे ते कळतं.

खेळातला विक्रम एकच लिहा: १८५८ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर १८ होल ७९ फटक्यांत. त्या मैदानावर ८० च्या आत येणारा तो पहिला. "जगात पहिला" असं लिहू नका, मैदानाचं नाव घाला.

---

चर्मशिल्प

चेंडूबद्दल. करता येतो, पण पहिला बिघडणार हे धरून चला. चार-पाच चेंडूंचं सामान एकदमच आणा.

आधी माप ठरवा. त्या काळच्या चेंडूंवर बनवणाऱ्याचं नाव आणि वजनाचा आकडा उमटवलेला असे. हा आकडा पेनीवेटमध्ये. एक पेनीवेट १.५५५ ग्रॅम, म्हणजे २८ आकड्याचा चेंडू साधारण ४३.५ ग्रॅमचा. आजच्या चेंडूची कमाल मर्यादा ४५.९३ ग्रॅम आहे, फार लांब नाही. व्यास ४२ मिमी धरा, परीघ १३२ मिमी येतो.

कातडं: तेव्हा बैलाचं किंवा घोड्याचं, तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं. आपल्याकडे क्रिकेटच्या चेंडूसाठी तुरटीवर कमावलेलं पांढरं कातडं असतं, तेच मागा. महाराष्ट्रात बैलाचं मागू नका, म्हशीचं चालेल, पण जाडी १.२ ते १.५ मिमीपर्यंत उतरवून घ्या. चपलांचं जाड कातडं उलटं करताना वळत नाही. बकऱ्याचं पातळ कातडं ठासताना ताणत जातं, आणि चेंडूचा बटाटा होतो.

कापणी: जुनी सर्वांत प्रचलित पद्धत दोन गोल चकत्या आणि मधे पट्टी अशी. नवशिक्यासाठी चार पाकळ्या सोप्या. लिंबाच्या सालीचे चार भाग केल्यासारख्या. प्रत्येक पाकळी टोकापासून टोकापर्यंत ६६ मिमी, मधोमध ३३ मिमी रुंद, आणि कडेने शिवणीसाठी ३ मिमी जास्त. भोकं कडेपासून ३ मिमीच्या आत आणू नका. ठासताना सगळा ताण शिवणीवर येतो आणि कड फाटते. चेंडू वाया जाण्याचं पहिलं कारण हेच.

भिजवणं: एक लिटर कोमट पाण्यात मूठभर तुरटी विरघळवून त्यात १५-२० मिनिटं. साध्या पाण्यात रात्रभर ठेवू नका, कमावताना मुरलेली तुरटी धुऊन निघते आणि कातडं वाळल्यावर पापडासारखं तडकतं.

शिवण: मेण लावलेला लिननचा दोरा, दोन टाक्यांत अडीच-तीन मिमी. आतली बाजू वर ठेवून शिवायचं, ६ ते ८ मिमीची फट ठेवायची, आणि त्या फटीतून पिशवी उलटी करायची. उलटी करताना घाई केली तर फटीची दोन्ही टोकं उसवतात. तिथे दोन टाके जास्तीचे घाला.

पिसं: जुन्या वर्णनांत "उंच टोपीभर पिसं" असं माप येतं. ते ऐकायला छान आहे, पण कामाला वजन लागतं. कातडं, दोरा, रंग मिळून १०-१२ ग्रॅम जातात. म्हणजे पिसं ३० ग्रॅमच्या आसपास. सांडलवंड धरून ३५ ग्रॅम कोरडी पिसं तोलून घ्या. छातीवरची मऊ पिसं घ्या आणि मधली काडी काढून टाका. काडी राहिली तर वाळल्यावर कातड्याला आतून टोचते आणि चेंडूवर फोड दिसतो. मग पिसं उकळा. उकळलेली पिसं लिबलिबीत होतात, म्हणूनच एवढी आत मावतात.

ठासणं: पिशवी लाकडाच्या वाटीसारख्या खाचेत बसवायची. एरवी ती हातातून निसटते, आणि टोच्या तळव्यात जातो. पिसं चिमटीने फटीत सोडायची आणि बोथट लोखंडी सळईने दाबायची. सळईच्या वरच्या टोकाला आडवं लाकूड असे, ते छातीला टेकवून अंगाच्या जोराने रेटायचे. ही पद्धत मुलांच्या समोर करू नका. लाकडी दांड्याचा टोच्या आणि छोटी हातोडी वापरली तरी चालतं, फक्त वेळ दुप्पट लागतो. दर चार-पाच चिमटींनंतर चेंडू फिरवा. एकाच बाजूने ठासलं तर तिथे गाठ होते, आणि ती नंतर ठोकूनही जात नाही. शेवटची पिसं बारीक टोच्याने भरायची. आता आत एक केसही जाणार नाही असं वाटलं की आणखी दोन ग्रॅम जातात.

फट शिवा आणि सावलीत वाळवा. इथेच या चेंडूचं सगळं रहस्य आहे: वाळताना पिसं फुगतात आणि कातडं आक्रसतं. आतून रेटा, बाहेरून आवळ, त्यामुळे चेंडू दगडासारखा टणक होतो. पिसं कोरडी भरली तर हा रेटाच येत नाही. उन्हात ठेवू नका, कातडं आधी वाळून तडकतं. पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तीन-चार दिवस पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा जातो आणि बुरशी धरते. काम पावसाळ्यानंतर काढा. पूर्ण वाळल्यावर लाकडी हातोडीने फिरवत फिरवत ठोकून गोल करा.

रंग: तेव्हा शिशाचा पांढरा रंग तीन हात देत. तो विषारी आहे, लहान मुलं हात लावणार तिथे अजिबात नको. जस्ताचा किंवा टायटेनियमचा पांढरा तैलरंग पातळ करून तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. ओल असताना रंगवलं तर आत कुबट वास कोंडतो आणि रंगाला पापुद्रे येतात.

एक कळकळीची विनंती. त्याच्या चेंडूंवर "ॲलन" असा शिक्का असे, पण तुमच्या प्रतिकृतीवर तो मारू नका. खरे चेंडू संग्रहालयांत आहेत आणि लिलावांत विकले जातात. तुमचा चेंडू पन्नास वर्षांनी कुठे असेल सांगता येत नाही. त्यावर "प्रतिकृती, पुणे" आणि साल उमटवा.

---

मुळाकाठ

फार मोलाची माहिती, दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. कोंबडीची पिसं चालतील का? आणि एक चेंडू अर्धा कापून आतलं दाखवावं असा विचार आहे.

---

चर्मशिल्प

कोंबडीची चालतात, तेव्हाही वापरत. दुकानातून आणलेली पिसं आधी साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा आणि मग किमान २० मिनिटं उकळा. कोरडी पिसं निवडताना नाकावर मास्क हवाच. तो बारीक भुगा छातीत जातो, आणि बंद खोल्यांत वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांना त्याचा त्रास व्हायचा.

कापू नका. आत इतका दाब असतो की सुरी लागताच शिवण सुटते, पिसं उसळून येतात, आणि कापलेली कड कधीच सरळ राहत नाही. त्याऐवजी पाच टप्पे पाच वस्तूंनी दाखवा: कापलेल्या पाकळ्या, उलटी केलेली रिकामी पिशवी, अर्धी ठासलेली पिशवी आणि शेजारी काचेच्या बरणीत ३० ग्रॅम कोरडी पिसं, शिवलेला बिनरंगाचा चेंडू, रंगवलेला चेंडू. बरणी आणि चेंडू शेजारी ठेवले की एवढी पिसं एवढ्याशा गोळ्यात कशी गेली, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतील. तो प्रश्नच दालनाचं काम करेल.

पावसात हा चेंडू पाणी प्यायचा, जड व्हायचा आणि शिवण कुजायची, तेही एका ओळीत लिहा. नाहीतर गटापर्चा का जिंकला ते कळणार नाही.

---

काळापाषाण

पाटीकडे वळतो.

दगड दोन शक्य आहेत. आपला काळा पाषाण, किंवा पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. काळा पाषाण इथल्या मातीचा आहे, पण पुण्याच्या आसपासच्या थरांत बारीक पोकळ्या असतात. छिन्नी पोकळीवर आली की अनुस्वाराचं टिंब उडून जातं. हाताने कोरणारा पाथरवट मिळाला आणि दगड घट्ट, बिनछिद्राचा असला तरच तो घ्या, आणि अक्षर २५ मिमीच्या खाली नको. तुमचा मजकूर आठ-नऊ ओळींचा होईल असं दिसतंय, त्याला दोन बाय दीड फुटात ग्रॅनाइट आणि वाळूच्या झोताने कोरणं हेच जमेल.

मापं: ६०० बाय ४५० मिमी, जाडी २० मिमी, वजन साधारण १६ किलो. चारही बाजूंना ४० मिमी मोकळी. नावाचं अक्षर ४० मिमी, मजकुराचं २० मिमी. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट ठेवा, कारण देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजी पाट्यांच्या हिशेबाने ओळी बसवल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला भिडतो. कोरण्याची खोली दीड ते दोन मिमी. त्यापेक्षा उथळ असेल तर आत भरलेला पांढरा रंग दोन पावसाळ्यांत निघतो.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा: फाइल. "सेंट अँड्र्यूज" या शब्दातला "ड्र्यू" जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना मोडतो, आणि "ॲ" चं "अॅ" होतं किंवा चौकोन येतो. कोरणाऱ्याला कधीही टाइप केलेला मजकूर पाठवू नका. मजकूर बाह्यरेषांत रूपांतरित करून द्या आणि कागदावर पूर्ण आकाराची छपाई काढून त्यावर सही करून घ्या. फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" मराठी वळणाचे आहेत ना ते पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. आकड्यांचंही तसंच. ५, ८ आणि ९ यांची दोन वळणं आहेत आणि तुमच्या १८५८, १८५९ मध्ये तिन्ही येतात. एकाच पाटीवर "ल" मराठी आणि "८" हिंदी वळणाचा, असं झालं तर पुण्यात पहिल्याच दिवशी कोणीतरी दाखवून देईल, आणि ते योग्यच असेल.

बसवणं: नुसत्या सिमेंटच्या गोळ्यांवर चिकटवू नका. पावसाचं पाणी मागे शिरतं, ओल भिंतीत जाते आणि कोपरा सुटतो. चार कोपऱ्यांत स्टेनलेस स्टीलचे खिळे-नट, पाटी आणि भिंत यांत १० मिमीची पोकळी, वरची कड सिलिकोनने बंद आणि खालची कड उघडी. पाणी गेलंच तर खालून निघून जाईल. साध्या लोखंडी खिळ्यांचे तांबडे ओघळ पहिल्याच वर्षी पाटीवर उतरतात. भोकं दगडाच्या कडेपासून ४० मिमी आत, आणि ती पाटी कोरण्याआधी पाडून घ्या. कोरल्यावर पाडताना दगड तडकला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

---

जुनाखेळ

पाटीचा विषय निघालाच आहे तर सेंट अँड्र्यूजमधल्या त्याच्या स्मारकाबद्दल. तिथल्या पडक्या कॅथिड्रलच्या आवारातल्या कबरस्तानात त्याची समाधी आहे. दगडी खांबावर त्याची प्रतिमा आहे, सोबत गोल्फच्या काठ्या आणि चेंडू. त्यावर कोरलेल्या लेखात त्याच्या चांगुलपणाचा उल्लेख आधी येतो, आणि स्कॉटलंडचा सर्वश्रेष्ठ गोल्फपटू म्हणून त्याचा गौरव त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

त्याच आवारात टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा धाकटा टॉम यांच्याही समाध्या आहेत. धाकट्या टॉमने १८६८, १८६९ आणि १८७० अशी ओपन सलग तीनदा जिंकून तो पट्टा कायमचा मिळवला, १८७२ मध्ये चौथ्यांदा जिंकला, आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी अवघा २४ वर्षांचा असताना गेला. त्याच्या स्मारकासाठी ६० गोल्फ मंडळांनी वर्गणी दिली होती. लोक साहजिकच आधी तिकडे वळतात. तुमच्या दालनात रॉबर्टसनचा कोपरा स्वतंत्र असावा. मॉरिस पितापुत्र तिथे यावेत ते त्याच्या दुकानातून पुढे गेलेली परंपरा म्हणून.

मसुदा सुचवतो:

"ॲलन रॉबर्टसन. जन्म ११ सप्टेंबर १८१५, मृत्यू १ सप्टेंबर १८५९, सेंट अँड्र्यूज, स्कॉटलंड. कॅडी, पिसांचे चेंडू बनवणारा कारागीर आणि आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ गोल्फपटू. पहिला व्यावसायिक गोल्फर म्हणून ओळखला जातो. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर १८५८ मध्ये ७९ फटक्यांत फेरी पूर्ण करून ८० च्या आत येणारा पहिला खेळाडू."

---

काळापाषाण

नाव वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात वेगळं घेतलं तर खालचा मजकूर २० मिमीच्या अक्षरात आठ-नऊ ओळींत बसतो. "सेंट अँड्र्यूज" दोनदा आलंय, दुसऱ्या वेळी "तिथल्या जुन्या मैदानावर" करा. तो अवघड जोडाक्षराचा शब्द एकदाच कोरावा लागेल आणि अर्धी ओळही वाचेल.

---

मुळाकाठ

बदल केला. छपाई पूर्ण आकारात काढून भिंतीवर चिकटवून पाहतोय, दहा फुटांवरून वाचता येतंय. चेंडूचं काम दिवाळीनंतर. म्हशीचं तुरटीचं कातडं दीड मिमीचं मिळतंय, पाच चेंडूंपुरतं मागवलंय.